गॅल्व्हेस्टनची लाल इमारत आणि डॉ. अ‍ॅशबेल स्मिथ

लाटकर

पाहुणे आले की नासा, मग देऊळ, मग गॅल्व्हेस्टनचा समुद्र. ह्यूस्टनकरांचा हा ठरलेला दौरा. ह्या गॅल्व्हेस्टन बेटावर वैद्यकीय विद्यापीठाच्या आवारात लाल विटांची एक जुनी, कमानीदार इमारत आहे. लोक तिला 'ओल्ड रेड' म्हणतात. कागदोपत्री नाव अ‍ॅशबेल स्मिथ बिल्डिंग. निकोलस क्लेटन ह्या वास्तुविशारदाने बांधली, १८९१ मध्ये तिथे वर्ग भरू लागले, आणि १९०० च्या चक्रीवादळात बेटावर हजारो माणसं गेली तेव्हाही ती उभी राहिली.

तर हे अ‍ॅशबेल स्मिथ कोण? वाचत गेलो तसा माणूस हाताला लागेनासा झाला.

जन्म १८०५, हार्टफर्ड, कनेक्टिकट. म्हणजे पक्का उत्तरेचा. येलची पदवी १८२४ ला, तिथूनच डॉक्टरी १८२८ ला. मधल्या काळात नॉर्थ कॅरोलायनातल्या सॉल्झबरीला मास्तरकी. १८३१-३२ मध्ये पुढचं शिकायला पॅरिसला गेला तो नेमका कॉलऱ्याच्या साथीत सापडला. तिथे रोगी तपासले, त्या साथीवर पुस्तिका लिहिली. १८३७ ला टेक्सासात आला. तेव्हा टेक्सास हा स्वतंत्र देश होता, मेक्सिकोपासून फुटून जेमतेम वर्ष झालेलं. राष्ट्राध्यक्ष सॅम ह्यूस्टनने त्याला लष्कराचा सर्जन जनरल नेमलं आणि स्वतःच्याच ओंडक्यांच्या घरात राहायला घेतलं. १८३९ ला गॅल्व्हेस्टनला पीतज्वराची साथ आली, ती त्याने अंगावर घेतली. १८४२ ते ४४ इंग्लंड-फ्रान्समध्ये टेक्सासचा वकील, म्हणजे राजदूत, १८४५ ला परराष्ट्रमंत्री. पुढे टेक्सास अमेरिकेत सामील झाल्यावर तीनदा राज्याच्या विधानसभेवर निवडून गेला: १८५५, १८६६, १८७८. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढला. १८८१ पासून टेक्सास विद्यापीठाच्या पहिल्या नियामक मंडळाचा अध्यक्ष. २१ जानेवारी १८८६ ला उपसागराकाठच्या 'एव्हरग्रीन' ह्या आपल्या मळ्यावर वारला. लग्न केलं नव्हतं. ही इमारत त्याने पाहिलेलीच नाही.

टेक्सासात मळा म्हटलं की गुलाम आलेच. ह्याचेही होते.

तिकडे त्याला 'टेक्सासच्या वैद्यकाचा जनक' म्हणतात आणि 'विद्यापीठाचा जनक'ही. माझा प्रश्न साधा आहे. डॉक्टर शिकवणाऱ्या इमारतीवर हे नाव असावं का? मला अजून ठरवता येत नाहीये.

कडूकारलं

तीनदा आमदार आणि बायको नाही! आमच्या तालुक्यात डॉक्टर आमदार झाला की दवाखाना डॉक्टरीणबाई चालवतात. ह्याचा कोण चालवत होतं?

लाटकर

@कडूकारलं, दवाखाना तोच पाहायचा. मळा गुलाम चालवायचे.

रक्तपेशी

चांगला विषय काढलात. मी पॅथॉलॉजीवाली, त्यामुळे मला ह्या माणसाचा एकच प्रसंग आधीपासून ठाऊक होता आणि तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जेवत असाल तर नंतर वाचा.

१८३९ च्या साथीत त्याने नुसते रोगी तपासले नाहीत, मेलेल्यांची शवविच्छेदनंही केली. पीतज्वरात शेवटी शेवटी रोग्याला काळी उलटी होते. दिसायला कॉफीचा चोथा पाण्यात कालवल्यासारखी. तेव्हा बऱ्याच लोकांची समजूत अशी की रोग माणसापासून माणसाला लागतो आणि ही उलटी म्हणजे जहाल विष. स्मिथने ती ताजी उलटी चाखून पाहिली. एकदा नव्हे, अनेकदा. आणि तसं छापून सांगितलं. त्याला काही झालं नाही. गॅल्व्हेस्टनच्या त्या साथीवर त्याने लिहिलेली पुस्तिका टेक्सासातलं पीतज्वरावरचं पहिलं लिखाण समजतात.

आता आपल्याला माहीत आहे ते असं: हा विषाणू यकृतावर घाला घालतो. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होतात, ते कमी पडले की जठरात रक्त झिरपतं, आणि जठरातल्या आम्लाने ते काळं पडतं. म्हणजे ती उलटी म्हणजे रोग्याचंच पचलेलं रक्त. रोग पसरवतो तो डास. क्यूबातल्या कार्लोस फिनले ह्यांनी १८८१ मध्ये डासावर बोट ठेवलं आणि १९०० मध्ये वॉल्टर रीडच्या मंडळाने ते सिद्ध केलं. रीडही लष्करी डॉक्टरच.

म्हणजे स्मिथ बरोबर होता की चूक? 'शिवल्याने लागत नाही' इथपर्यंत बरोबर. मग लागतो कशाने, तर घाण, दलदल, कुजकट हवा, हे त्या काळच्या बहुतेकांसारखंच. गंमत अशी की घाण-पाणी हटवलं की डासही थोडे हटतात, त्यामुळे चुकीच्या कारणासाठी केलेला उपायही कधीमधी लागू पडायचा.

मसाईमारा

रक्तपेशीताई, पीतज्वर म्हटल्यावर आम्हा पूर्व आफ्रिकावाल्यांना ते पिवळं कार्डच आठवतं. नैरोबीहून मुंबईला उतरलं की आधी कार्ड दाखवा, मग पुढे सरका. कार्ड नसलं तर विलगीकरणात. एक काका विमानातच सगळ्यांना विचारत होते, "कार्ड बॅगेत की खिशात?" त्यांचं स्वतःचं खाली सामानात गेलं होतं.

प्रश्न: भारतात हा रोग नाही, मग एवढी कडक तपासणी का?

रक्तपेशी

@मसाईमारा, रोग नाही म्हणूनच! तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे, डेंग्यूवाला तोच. विषाणू तेवढा अजून आलेला नाही. एक आजारी माणूस यायचा अवकाश. म्हणून ती सहा दिवसांच्या विलगीकरणाची भानगड.

तिरकी रेघ

उलटी चाखणं वगैरे ऐकायला भारी वाटतं, पण ह्यात तो पहिला नव्हे. फिलाडेल्फियात स्टबिन्स फर्थ नावाच्या विद्यार्थ्याने १८०४ च्या आपल्या प्रबंधासाठी ह्याहून कितीतरी पुढची मजल मारली होती. जखमेत घातली, डोळ्यात घातली, शेवटी प्यायला. निष्कर्ष तोच: लागत नाही. आणि शंभर वर्षं लोक त्यावर वाद घालत राहिले.

तेव्हा डॉक्टरांची ही मर्दुमकी मला जरा नाटकीच वाटते. शहाणपणाचं काम मुंबईच्या पोर्टवर कार्ड तपासणारा कारकून करतो, त्याच्या नावाने कोणी इमारत बांधत नाही.

रक्तपेशी

@तिरकी रेघ, नाटकी म्हणा हवं तर, पण साथीत गावातून पळून न जाणं हे नाटक नव्हतं. पळणाऱ्यांत डॉक्टरही असायचे. आणि तुलना करा: त्याने जे पाहिलं ते तारीखवार लिहिलं, कुठल्या भागात रोगी जास्त, कुठे कमी, पोटात काय सापडलं. नव्या वसाहतीचं बंदर म्हणजे व्यापाऱ्यांना साथीची बातमी दाबायची असते. ह्याने छापली. माझ्या मते उलटीपेक्षा ती जास्त हिंमत.

आजोबा_७४

पॅरिसच्या ज्या कॉलऱ्याचा उल्लेख धागाकर्त्याने केला आहे, तो बंगालमधून निघालेला. रशिया, पोलंड करत १८३२ च्या वसंतात पॅरिसला पोचला. सव्वीस वर्षांचा हा पोरगा शिकायला गेला आणि आपल्या गंगेकाठचा रोग तिथे शिकून आला. जग तेव्हाही लहानच होतं.

बेजरोड

लंडनवाला हजर. सेंट जेम्स स्ट्रीटवर एक फार जुनं वाइनचं दुकान आहे, बेरी ब्रदर्स. त्याच्या शेजारून लाकडी तक्तपोशीचं एक अरुंद बोळकांडं आत जातं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. त्या बोळाच्या तोंडाशी पाटी आहे: इथे टेक्सास प्रजासत्ताकाची वकिलात होती, १८४२ ते १८४५. आत गेलं की पिकरिंग प्लेस नावाचं टीचभर चौक. म्हणजे तुमचा स्मिथ ह्याच बोळातून ये-जा करत असणार! मी तिथून इतक्यांदा गेलोय, पण टेक्सासची वकिलात म्हणजे कसला तरी विनोद असेल असं समजून पुढे जायचो.

तिथे एक गोष्ट सांगतात: टेक्सासवाल्यांनी १६० पौंड भाडं थकवलं आणि देशच विलीन होऊन गेला. १९८० च्या दशकात काही टेक्सासकर चामड्याचे कपडे घालून आले आणि दुकानदाराला ती बाकी चुकती करून गेले.

कडूकारलं

देश बुडवला पण भाडं दिलं. पुण्यातल्या भाडेकरूंनी आदर्श घ्यावा.

माळावरचा

भाड्याचं राहू द्या. त्या बोळात बसून त्याने काय केलं ते बघा, कारण मला वाटतं धाग्याचा खरा मुद्दा तिथे आहे.

एक काम कौतुकाचं. मेक्सिकोसाठी इंग्लंडच्या गोद्यांत 'ग्वादालुपे' आणि 'माँटेझुमा' ह्या युद्धनौका बांधल्या जात होत्या, त्यावर त्याने इंग्लंडच्या सरकारपुढे सारखी हरकत घेतली. छोट्या देशाच्या वकिलाने करायचं तेच.

दुसरं काम १८४३ चं. स्टीफन पर्ल अँड्रूज नावाचा टेक्सासातला एक कोर्टातला वकील लंडनला आला. गुलामगिरीविरोधी मंडळींना त्याने योजना सांगितली: इंग्लंडने टेक्सासला कर्ज द्यावं, त्या पैशातून टेक्सासातले गुलाम मोकळे करावेत. मंडळी परराष्ट्रमंत्री लॉर्ड अ‍ॅबरडीनला जाऊन भेटलीही. आणि टेक्सासचा अधिकृत वकील डॉ. अ‍ॅशबेल स्मिथ काय करतो? ही योजना हाणून पाडायला धावतो. अँड्रूजला टेक्सासच्या वतीने बोलायचा अधिकार नाही, आमच्या सरकारला हे मान्य नाही, असं अ‍ॅबरडीनला कळवतो आणि घरी इशाऱ्याची पत्रं धाडतो. ही बातमी वॉशिंग्टनला पोचली आणि इंग्रज टेक्सासात गुलामगिरी बंद करणार ह्या धास्तीने तिथल्या दक्षिणी पुढाऱ्यांनी टेक्सास गिळायची घाई केली.

तेव्हा इमारतीवर नाव लावताना काळी उलटी आठवायची आणि हे विसरायचं, हे मला पटत नाही.

आजोबा_७४

माळावरचे, तुमचा राग समजतो. पण माणसाला त्याच्या काळात ठेवून पाहायला नको का? टेक्सासच्या घटनेतच गुलामगिरी होती. वकील आपल्या सरकारचं म्हणणं मांडतो, स्वतःचं नव्हे. आजच्या चष्म्यातून पाहिलं तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा एकही माणूस शिल्लक राहणार नाही, आपले पणजोबाही नाहीत.

माळावरचा

आजोबा, आदर राखून सांगतो. 'त्याचा काळ' म्हणजे कुठला? तो कनेक्टिकटमध्ये वाढला. तिथे गुलामांच्या मुलांना मोकळं करणारा कायदा १७८४ चा, त्याच्या जन्माच्या एकवीस वर्षं आधीचा. तो लंडनला बसला होता तेव्हा इंग्रजांनी आपल्या साम्राज्यातल्या गुलामगिरीविरुद्ध कायदा करून दहा वर्षं झाली होती. सॅम ह्यूस्टनच्या घरात राहणारा, पॅरिसमध्ये गुलामगिरीविरोधी फ्रेंच सेनानी लाफायेतच्या बैठकीत बसलेला माणूस. त्याला दुसरी बाजू माहीत नव्हती असं म्हणणं हा त्याच्या बुद्धीचा अपमान होईल. दोन्ही बाजू समोर मांडलेल्या होत्या, त्याने एक उचलली. आणि ती उचलताना त्याचा स्वतःचा मळा होता, त्यामुळे 'फक्त सरकारचं म्हणणं' हेही खरं नाही.

दुसरं असं की त्या काळात टेक्सासात जे गुलाम होते, तेही 'त्या काळातलेच' होते. त्यांचा चष्मा कोणता होता?

सांजवेळ

+१ माळावरचा. शेवटचं वाक्य जबरदस्त.

सुभेदार

युद्धाचा भाग सगळ्यांनी वगळलाय. मला तोच सगळ्यात विचित्र वाटतो.

१८६१ ला युद्ध सुरू झालं तेव्हा हा पंचावन्न वर्षांचा. सर्जन जनरल राहिलेला, मेक्सिको युद्धातही झॅकरी टेलरच्या फौजेबरोबर जाऊन आलेला. दक्षिणेच्या फौजेला डॉक्टरांची नितांत गरज. आणि हा काय करतो? आपल्या भागातल्या पोरांची 'बेलँड गार्ड्‌स' नावाची तुकडी उभी करतो आणि तिचा कॅप्टन होतो. डॉक्टर म्हणून नाही, पायदळात. ती तुकडी सेकंड टेक्सास इन्फन्ट्रीत गेली. एप्रिल १८६२ ला शायलोच्या लढाईत ह्याच्या हाताला गोळी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉरिंथला त्यांचा कर्नल रॉजर्स पडला, पलटण पुढे ह्याच्याकडे आली. १८६३ च्या व्हिक्सबर्गच्या वेढ्यात २२ मेच्या मोठ्या हल्ल्यात ज्या बुरुजावर उत्तरेच्या फौजा आदळत होत्या, तो ह्याच्या पलटणीने धरून ठेवला. त्या बुरुजाला आजही सेकंड टेक्सास ल्युनेट म्हणतात. ४ जुलैला भूक आणि गोळाबारीने सगळ्यांनी शस्त्रं खाली ठेवली.

फौजेतला माणूस म्हणून सांगतो, छप्पन्न-सत्तावन्नाव्या वर्षी खंदकात दीड महिना काढणं ही खायची गोष्ट नाही. पण मला प्रश्न पडतो: वेढ्यात आमांश, हिवताप, कुजलेल्या जखमा, आणि येल-पॅरिस शिकलेला डॉक्टर बंदुकीमागे!

उलट उदाहरण पाहायचं तर अ‍ॅन्सन जोन्स. हाही डॉक्टर. १८३६ च्या सॅन जसिंटोच्या लढाईत टेक्सासच्या फौजेचा सर्जन, पण हुद्दा साध्या शिपायाचाच ठेवला त्याने. पुढे हाच टेक्सासचा शेवटचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि स्मिथ त्याचा परराष्ट्रमंत्री. १८४५ मध्ये एका देशाचा कारभार दोन डॉक्टर हाकत होते.

कडूकारलं

आणि तो देश वर्षभरात आटोपला. मी काही सुचवत नाहीये.

सुभेदार

@कडूकारलं 😄 आटोपला तोही झगडूनच. स्मिथने मेक्सिकोबरोबर एक करार जुळवला होता, स्मिथ-क्वेव्हास करार: टेक्सास अमेरिकेत गेला नाही तर मेक्सिको त्याचं स्वातंत्र्य मान्य करेल. लोकांना विलीनीकरण हवं होतं, हा करार म्हणजे घात वाटला. गॅल्व्हेस्टनला ह्याच स्मिथचा पुतळा जाळला. सहाच वर्षांपूर्वी त्याने ज्या गावात साथ निस्तरली, तेच गाव. ४ जुलै १८४५ ला टेक्सासच्या परिषदेने अमेरिकेत जायचं ठरवलं. फेब्रुवारी १८४६ मध्ये जोन्सने शेवटचं भाषण केलं, "टेक्सासचं प्रजासत्ताक आता राहिलं नाही" म्हणून. राजकारणात त्याला परत कोणी विचारलं नाही. १८५८ च्या जानेवारीत ह्यूस्टनच्या एका हॉटेलात त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ते हॉटेल म्हणजे प्रजासत्ताकाची जुनी राजधानीची इमारत.

लाटकर

सुभेदार, जोन्सवर वेगळा धागा काढाच.

रक्तपेशी

डॉक्टरने बंदूक घेण्यावर: मला वाटतं आपण डॉक्टरी ही त्याची ओळख धरून चाललोय आणि तिथे फसतोय. स्मिथ आधी जमीनदार होता. त्याचा समाज, त्याचा पैसा, त्याची इज्जत मळ्याची. डॉक्टरी हा त्याचा व्यासंग होता, पुस्तकांसारखा. त्यामुळे मळ्यावर संकट आलं तेव्हा त्याने नळी-चाकू न घेता तलवार घेतली. १८५३ मध्ये टेक्सासच्या डॉक्टरांची संघटना स्थापन करणाऱ्यांत तो होता, हेही खरं. पण संकटाच्या वेळी माणूस काय हातात घेतो त्यावरून कळतं.

तिरकी रेघ

@रक्तपेशी, ह्याच्याशी मात्र शंभर टक्के सहमत. लिहून ठेवतो.

सांजवेळ

मग मळ्याच्या जमीनदाराने १८७६ मध्ये काळ्या मुलांचं कॉलेज काढायला मदत का केली? हे कुणी बोललंच नाही. राज्यपालांनी नेमलेल्या आयोगात स्मिथ होता, आणि त्या आयोगाने उभं केलेलं कॉलेज म्हणजे आजचं प्रेअरी व्ह्यू विद्यापीठ. माझी एक मैत्रीण तिथे शिकवते. टेक्सासातल्या जुन्या सरकारी विद्यापीठांपैकी एक, काळ्या विद्यार्थ्यांचं नावाजलेलं. युद्धात हरल्यावर माणूस बदलू शकत नाही का? प्रायश्चित्त म्हणा.

माळावरचा

बदलू शकतो. पण मधलं एक पान तुम्ही ओलांडलंत. १८६५ च्या मे महिन्यात शरणागतीच्या अटी ठरवायला टेक्सासच्या वतीने न्यू ऑर्लीन्सला जे दोघे गेले, त्यातला एक स्मिथ. १९ जूनला उत्तरेच्या जनरल ग्रेंजरने गॅल्व्हेस्टनला उतरून गुलाम मोकळे झाल्याचा हुकूम वाचला, तोच आजचा जूनटीन्थ. आणि पुढच्याच वर्षी, १८६६ ला, स्मिथ विधानसभेत. त्या सभागृहाने काय केलं? मोकळ्या झालेल्यांना नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती फेटाळली. 'ब्लॅक कोड' म्हणून ओळखले जाणारे कायदे केले: मोकळ्या झालेल्या माणसाने कराराने एकाच मालकाकडे राबायचं, रिकामा दिसला तर भटक्या म्हणून धरायचं, पोरांना 'शिकाऊ' म्हणून गोऱ्या मालकाच्या हवाली करायचं, गोऱ्यांच्या खटल्यात साक्ष नाही, मत नाही. शाळांचा निधी फक्त गोऱ्यांसाठी.

हे त्याच तीनपैकी एक आमदारकीचं वर्ष आहे जे धाग्यात नुसतं आकड्यात आलंय.

तिरकी रेघ

आणि प्रेअरी व्ह्यूबद्दल: १८७६ च्या टेक्सासच्या नव्या राज्यघटनेतच लिहिलं होतं की काळ्या तरुणांसाठी वेगळं कॉलेज काढायचं. म्हणजे आयोग नेमावाच लागणार होता. जागा कुठली घेतली माहितीये? वॉलर काउंटीतली 'अल्टा व्हिस्टा', कर्बी कुटुंबाचा जुना कापसाचा मळा. जिथे गुलाम राबले तिथेच त्यांच्या पोरांची शाळा. १८७८ मध्ये सुरू झालं तेव्हा विद्यार्थी आठ. कारभार गोऱ्यांच्या ए अँड एम कॉलेजच्या संचालकांकडे.

मला हे प्रायश्चित्त वाटत नाही. वेगळी पंगत मांडून दिली, एवढंच.

आजोबा_७४

तिरकी रेघ, पंगत वेगळी होती हे मान्य. पण ताट रिकामं नव्हतं. त्या काळचे त्याचे कितीतरी शेजारी काळ्यांनी अक्षर गिरवण्याच्याच विरोधात होते, शाळा जाळणारेही होते. सत्तरी ओलांडलेला म्हातारा काळ्यांना आणि बायकांना शिक्षण मिळालं पाहिजे असं उघड म्हणत होता. टेक्सास विद्यापीठ १८८३ मध्ये ऑस्टिनला उघडलं ते पहिल्या दिवसापासून मुलींना घेऊन. त्याच्या अध्यक्षपदाखाली. येलने तोवर पदवीच्या वर्गात मुलींना पाऊल ठेवू दिलं नव्हतं, आणि पुढेही १९६९ पर्यंत नाही.

आणि मरताना आपलं ग्रंथालय विद्यापीठाला देऊन गेला. मुलंबाळं नव्हती, पण पुतण्या-भाच्यांना देणारे पुष्कळ असतात.

सांजवेळ

आजोबा 🙏 येलचं माहीत नव्हतं.

मसाईमारा

अवांतर: स्मिथ जानेवारी १८८६ ला गेला आणि मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या.

कडूकारलं

संबंध?

मसाईमारा

काही नाही. मराठी धागा आहे, कुठेतरी आनंदीबाई यायलाच हव्यात.

बेजरोड

आल्या, आता धागा वैध. पण थोडा संबंध आहे हो. आनंदीबाईंना बायकांच्या वेगळ्या कॉलेजात जावं लागलं, कारण फिलाडेल्फियाची मोठी वैद्यकीय कॉलेजं बायकांना घेतच नव्हती. आजोबांच्या 'ताट रिकामं नव्हतं'चं हे चांगलं उदाहरण आहे आणि तिरकी रेघच्या 'वेगळ्या पंगती'चंही.

माळावरचा

@बेजरोड, फरक एवढाच की ते कॉलेज ज्यांनी काढलं त्यांना बायका डॉक्टर व्हाव्यात असं वाटत होतं. टेक्सासच्या १८७६ च्या घटनेला काळी मुलं गोऱ्यांच्या वर्गात येऊ नयेत असं वाटत होतं. भिंत दोन्हीकडे आहे, पण ती कुणी कशासाठी घातली ते बघायला पाहिजे.

सुभेदार

मी नाव ठेवा म्हणेन. पुसलं की वाचणं थांबतं. लाटकरने पाटी पाहिली म्हणून तर हा धागा निघाला.

माळावरचा

सुभेदार, पाटी पाहून वाचत बसणारा हजारात एक लाटकर. बाकीचे तिथे फोटो काढून समुद्रावर कोळंबी खायला जातात.

लाटकर

मीही आधी कोळंबीच खाल्ली होती. 😀

सगळ्यांचं वाचलं. माझ्या मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण मधल्या दोन दिवसांत आणखी एक नाव सापडलं आणि त्याने माझं बरंचसं ठरवलं.

ज्या कॉलेजची ही इमारत, तिथे पहिला काळा विद्यार्थी कधी आला? १९४९ मध्ये. स्मिथ जाऊन त्रेसष्ट वर्षं झाल्यावर. नाव हर्मन बार्नेट. दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीच्या काळ्या वैमानिकांपैकी एक, लढाऊ विमानं चालवलेला. चार वर्षांनी, १९५३ मध्ये, उत्तम गुणांनी डॉक्टर होऊन बाहेर पडला, पुढे ह्यूस्टनमध्ये सर्जन झाला.

त्याला प्रवेश कसा मिळाला ते ऐका. तेव्हा ऑस्टिनच्या कायदा शाळेने काळा म्हणून प्रवेश नाकारलेल्या हेमन स्वेटचा खटला चालू होता. तो स्वेट १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. काळ्यांसाठी वेगळी वैद्यकीय शाळा काढायची तर राज्याला खर्च परवडणार नव्हता, आणि कोर्टात काय होणार हे दिसतच होतं. म्हणून राज्याने तोड काढली: बार्नेटने बसायचं गॅल्व्हेस्टनच्या वर्गात, पण कागदावर तो ह्यूस्टनच्या काळ्यांच्या विद्यापीठाचा विद्यार्थी. गॅल्व्हेस्टनला काळा विद्यार्थी घेतला असं म्हणायला नको.

म्हणजे १८७६ ची भिंत १९४९ पर्यंत कागदावर का होईना उभीच होती, आणि ती बांधणाऱ्यांत स्मिथही एक होता, चांगल्या हेतूने का होईना. आजोबा, ताट रिकामं नव्हतं हे मी मानतो. पण त्या ताटाचं बिल त्रेसष्ट वर्षांनी बार्नेटने भरलं.

माझं मत: स्मिथचं नाव ग्रंथालयाला द्यावं, पुस्तकं त्याची होती. पीतज्वराच्या अभ्यासाला द्यावं. डॉक्टर घडवणाऱ्या इमारतीवर मला ते नको.

आजोबा_७४

लाटकर, बार्नेटबद्दल वाचलं नव्हतं, आभार. नाव काढावं ह्याच्याशी मी अजूनही सहमत नाही. कागदावरची भिंत १९४० च्या दशकातल्या आमदारांनी जपली, तिचा दोष १८८६ ला मेलेल्याच्या खात्यात कसा टाकता?

माळावरचा

आजोबा, कारण तो आमदारही होता. तीनदा.

रक्तपेशी

ह्या दोघांना कोणीतरी चहा द्या.

बार्नेटवर अजून काही सापडलं तर टाका लाटकर. वैमानिक ते सर्जन, त्यावर स्वतंत्र धागा होईल. आणि सुभेदार, अ‍ॅन्सन जोन्स कुठे अडकला?

सुभेदार

रविवारी टाकतो. सॅन जसिंटोच्या नकाशासकट.